‘नोंद नाही’ : चुकलेल्या पासवर्डांच्या वहीची गोष्ट

‘नोंद नाही’ हे दोन शब्द तुम्ही कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकले असतीलच. त्यांचे दोन अर्थ होतात. एक, वही आहे, आम्ही ती पाहिली, तिच्यात तुमचं नाव सापडलं नाही. दुसरा, असली वहीच आम्ही ठेवत नाही. समोरचा माणूस कुठल्या अर्थाने बोलतोय ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही, आणि पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक नसतं. कचेरीतलं आवक-जावक रजिस्टरच घ्या. स्वीकारलेल्या अर्जाला आवक नंबर पडतो. ‘झेरॉक्स जोडून उद्या या’ म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेल्या अर्जाला नंबर पडत नाही. वर्षअखेरीस रजिस्टर उघडलं तर किती अर्ज आत आले ते कळतं. किती जण दारातून परत गेले ते त्या रजिस्टरातून कधीच कळणार नाही.

एरवी मी इथे माझ्या पीएचडीबद्दल लिहिते. स्फटिकातले इलेक्ट्रॉन, डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आणि एकेक गणित संपायला लागणारे आठवडे. पण ही गणितं ज्या यंत्रावर चालतात त्याबद्दल कधी लिहिलं नाही. सांगलीतल्या आमच्या विभागाचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातला, आणि या घराण्यात चुकलेल्या लॉगिनची नोंद ठेवण्याची (किंवा न ठेवण्याची) एक जुनी रीत आहे. त्या रीतीपायी आमच्याकडच्या एका मुलाचं वर्ष वाया जायची वेळ आली होती. म्हणून आज थोडा इतिहास. कमांड येत नसल्या तरी चालेल. दार, वही आणि राखणदार एवढं डोळ्यासमोर ठेवलं की पुरे.

युनिक्स अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलं. त्याच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या पुस्तकात दोन फायलींची नावं सापडतात : यूटीएमपी आणि डब्ल्यूटीएमपी. पहिली म्हणजे भिंतीवरचा फळा, आत्ता या क्षणी यंत्रावर कोण बसलंय ते सांगणारा. दुसरी म्हणजे वही : कोण किती वाजता आला, किती वाजता गेला. फळा पुसला जातो, वही वाढत जाते. त्या काळी यंत्र एक आणि वापरणारे अनेक, त्यामुळे कोणी किती वेळ वापरलं याचा हिशेब लागायचा. डब्ल्यूटीएमपी वाचून प्रत्येकाच्या तासांची बेरीज करणारा ‘एसी’ नावाचा छोटा प्रोग्रॅमही होता. म्हणजे ही वही मुळात चोर पकडायला नव्हती. दुकानदाराच्या खतावणीसारखी होती.

या वहीचा एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लॉगिनचा प्रोग्रॅम वहीत लिहितो, पण वही स्वतः तयार करत नाही. जागेवर असेल तर लिहील. नसेल तर कुणाला काही न सांगता, न कुरकुरता, पुढे जाईल. म्हणजे फाईल पुसली की नोंद बंद, आणि रिकामी फाईल करून ठेवली की नोंद पुन्हा सुरू. जुन्या युनिक्सच्या माहितीपुस्तकात हे सरळ लिहून ठेवलंय, आणि आजच्या लिनक्सच्या पुस्तकातही ते वाक्य जवळजवळ तसंच उतरलंय. डिस्क इवलीशी, वही मात्र वाढत जाणारी, तेव्हा ज्याला हवी त्याने ठेवावी, असा हा हिशेब. वेगळं बटण नको, वेगळी सेटिंगची फाईल नको. मला ही काटकसर मनापासून आवडते. फक्त हे बटण बंद आहे की चालू, ते खोलीत शिरल्यावर दिसत नाही, एवढीच अडचण.

आपल्याकडच्या राखणदाराशी याची तुलना करून बघा. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे हा मोह मला आवरत नाही. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची कामं दिली आहेत. रात्री पहारा करायचा. गावात कोण आलं, कोण गेलं याची खबर ठेवायची. अनोळखी माणसावर नजर ठेवायची आणि संशयाचं काही दिसलं तर पाटलाला सांगायचं. चोरी झाली तर माग काढायचा. माग आपल्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की तिथून पुढची जबाबदारी पुढच्या गावच्या राखणदाराची. सातारा भागात हे काम पुष्कळ गावांत रामोश्यांकडे होतं. ‘कोण आलं, कोण गेलं’ ही तर चक्क डब्ल्यूटीएमपीच झाली. पण रामोशाच्या डोक्यातल्या वहीत आणखी एक रकाना होता : जो शिवेपर्यंत आला, कुत्री भुंकली म्हणून थबकला आणि परत फिरला, तो. असा माणूस दोन रात्री दिसला की तिसऱ्या रात्री राखणदार त्या वाटेवरच बसणार.

(जाता जाता एक गोष्ट. ज्यांनी गावं राखली त्या रामोशी समाजालाच इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणलं गेलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथला. वही कोणाची आणि संशय कोणावर, हे ठरवणारा माणूस बदलला की काय होतं त्याचं हे उदाहरण माझ्या जिल्ह्यातलंच आहे.)

तर, १९७१ च्या युनिक्सच्या वहीत तो तिसरा रकाना नव्हता. पासवर्ड चुकला की पडद्यावर ‘लॉगिन इनकरेक्ट’ उमटायचं आणि विषय संपला. आला तो कळला, गेला तो कळला. दारावर येऊन परत गेलेला कळला नाही.

तो कळायला हवा, हे का पटलं? रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा १९७९ सालचा पासवर्डांवरचा एक निबंध आहे. आमच्या क्षेत्राबाहेरच्यांनीही वाचावा इतका सोपा. त्यांनी खऱ्या वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे शंभरातले ८६, अगदी कच्चे निघाले : एक-दोन-तीन अक्षरांचे, शब्दकोशातले, नावांचे. म्हणजे पासवर्ड ओळखण्यासाठी प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते. आणि चिकाटीने ओळखणारा बरोबर उत्तर येण्याआधी शंभरदा, हजारदा चुकणार. त्या चुका म्हणजेच त्याच्या पायाचे ठसे.

मग वेगवेगळ्या युनिक्सांनी आपापल्या परीने तिसरा रकाना जोडला. एचपीच्या युनिक्समध्ये आणि लिनक्समध्ये त्याला बीटीएमपी म्हणतात. त्यातला ‘बी’ म्हणजे बॅड, वाया गेलेले प्रयत्न. तो वाचायची कमांड लास्ट-बी. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘फेल्डलॉगिन’ नावाची फाईल आहे. सगळ्यात मजेशीर सन कंपनीचं सोलॅरिस. त्याच्या ‘लॉगिनलॉग’ची रीत अशी : फाईल मुळात दिलेलीच नसते, यंत्र सांभाळणाऱ्याने ती हाताने करायची. केली तरी प्रत्येक चूक लिहिली जात नाही. एकाच बैठकीत पाच वेळा चुकलात तर नोंद. चारदा दार ठोठावून निघून गेलेला पाहुणा हिशेबातच नाही. आणि हे पुस्तकात छापलेलं असल्यामुळे पाहुण्यालाही ते माहीत.

लिनक्सनं मात्र १९७१ चा नियम जसाच्या तसा घेतला. बीटीएमपी असेल तर लिही, नसेल तर गप्प बस.

आता आमच्या विभागातली हकिकत.

आमचा सर्व्हर बाहेरूनही वापरता येतो. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला म्हणून एसएसएचचं दार इंटरनेटला उघडलं, ते उघडंच राहिलं. असं दार उघडं असलं की जगभरातली आपोआप चालणारी यंत्रं त्याच्यावर रात्रंदिवस पासवर्ड आपटत बसतात. त्यांचं आपल्याशी वैर नसतं. ती प्रत्येक दारावर जातात. त्यांच्या चुका बीटीएमपीत साठत जातात आणि फाईल फुगत जाते. एके दिवशी मुख्य डिस्क भरली, सगळ्यांची गणितं अडकली. सर्व्हर बघणाऱ्यांनी सगळ्यात मोठी फाईल शोधली आणि पुसली. जागा झाली, गणितं सुटली, लोकांनी धन्यवाद दिले. पुसलेली फाईल बीटीएमपी होती.

तिला रिकामी करायला हवं होतं; ती काढूनच टाकली गेली. दर महिन्याला जुन्या नोंदी बाजूला सारून नवी वही घालणारा लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं की फाईल सापडली नाही तर तक्रार करू नको, पुढे जा. तो पुढे गेला. हल्लीचं लिनक्स यंत्र सुरू होताना ही फाईल नसेल तर नवी करून ठेवतं, पण त्यासाठी यंत्र बंद होऊन सुरू व्हावं लागतं. आमची गणितं महिनोन्महिने चालतात, म्हणून कुणी ते बंद करत नाही. सांगलीत लाईट गेली असती तर काम झालं असतं, पण यूपीएस चांगला निघाला.

दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास एका वरिष्ठ संशोधकाच्या निकालांचं एक आख्खं फोल्डर सर्व्हरवरून गेलं. ते लक्षात आलं सहा-सात आठवड्यांनी, प्रबंधाचं प्रकरण लिहायला घेतल्यावर. प्रत्येक लॉगिनची सविस्तर रोजनिशी ठेवणारी ऑथ-लॉग नावाची वेगळी फाईल असते, पण आमच्याकडे ती चार-पाच आठवड्यांचीच राहते. ती पानं केव्हाच उडाली होती. राहिली बीटीएमपी. बैठकीत विचारलं गेलं, बाहेरून कुणी घुसायचा प्रयत्न केला होता का? उत्तर आलं, ‘तशी काही नोंद नाही.’

इथून पुढचा तर्क तुमच्या लक्षात आलाच असेल. बाहेरून प्रयत्न नाही, म्हणजे आतलाच माणूस. त्या फोल्डरची परवानगी असलेल्यांपैकी सुट्टीच्या दिवसांत लॉगिन केलेला कोण? डब्ल्यूटीएमपी शाबूत होती, तिच्यात एकच नाव निघालं : एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. तो घरी न जाता वसतिगृहावर राहून प्रोजेक्ट उरकत होता, कारण त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता. सुट्टीत लॅब रिकामी असते. मामा कुलूप उघडून देत आणि हा दिवसभर बसे. मेहनत केल्याची नोंद होती, तीच त्याच्या अंगावर आली. खातं बंद झालं. प्रोजेक्ट जमा करायला दीड महिना होता आणि त्याची सगळी गणितं त्या सर्व्हरवर होती.

मी एवढंच म्हटलं की ‘नोंद नाही’ म्हणजे पडद्यावर काय आलं ते बघू या. लास्ट-बी ही कमांड मुख्य खात्यावरूनच चालते, त्यामुळे सर्व्हर बघणाऱ्यांनी ती माझ्यासमोर पुन्हा दिली. रिकामी वही असती तर ‘ही वही अमुक तारखेपासून सुरू’ अशी एक ओळ आली असती. आली ती ओळ अशी की फाईल उघडता येत नाही, अशी फाईलच नाही. जुन्या लिनक्समधली हीच कमांड पुढे एक अंदाजही छापायची : बहुधा यंत्रचालकाने नोंद बंद करण्यासाठी ही फाईल काढून टाकली असावी. ते वाक्य काळाच्या ओघात गेलं. माझ्या मते ठेवायला हवं होतं. इतकं स्पष्ट आणि इतकं मराठी कचेरीला शोभणारं वाक्य युनिक्समध्ये दुसरं नसेल.

मग त्यांनी रिकामी फाईल करून ठेवली. मी बाहेरून मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला. पुन्हा पाहिलं, वही कोरीच. पुन्हा चुकवला, पुन्हा कोरी. आता फाईल तर आहे, मग अडतंय कुठे? उत्तर ऑथ-लॉगमध्ये होतं, ताज्या ओळीत. एसएसएचचा प्रोग्रॅम म्हणत होता की या फाईलवर परवानगी जास्त आहे किंवा मालकी चुकीची आहे. साध्या रीतीने केलेली फाईल सगळ्यांना वाचता येते, आणि सगळ्यांना वाचता येणाऱ्या बीटीएमपीत एसएसएच एक अक्षर लिहीत नाही. मालक रूट, गट यूटीएमपी आणि परवानगी ६६० केली, म्हणजे बाकी कुणाला वाचायची सोय नाही. तिसऱ्यांदा पासवर्ड चुकवला. माझं नाव आलं.

चहा पिऊन येईपर्यंत पडदा भरला होता. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, आणि आमच्या विभागात कधीच नसलेल्या माणसांची नावं. म्हणजे सुट्टीतही हेच चाललं असणार. फक्त लिहिणारं कुणी नव्हतं. सरांना तो पडदा दाखवला. सरांनी दोनच प्रश्न विचारले : वही कधीपासून नव्हती, आणि हे बैठकीत का नाही सांगितलं? त्या मुलाचं खातं त्याच संध्याकाळी उघडलं, प्रोजेक्ट वेळेत जमा झालं. फोल्डर कोणी पुसलं ते मात्र आजतागायत कळलेलं नाही. वहीच नव्हती, तर कळणार तरी कुठून.

तुम्ही म्हणाल, एसएसएचचा हा सोवळेपणा कशाला? वही लोकांना दिसली तर बिघडलं काय? त्याचं उत्तर त्याच पडद्यावर होतं. रूट-ॲडमिनच्या गर्दीत नावाच्या रकान्यात एक विचित्र शब्द दिसला : मोठी-लहान अक्षरं, मध्ये आकडे, शेवटी उद्गारचिन्ह. घाईत कुणीतरी नावाच्या जागी पासवर्ड टाकला होता. पुढच्याच ओळीत त्याच पत्त्यावरून खरं नाव. दोन ओळी शेजारी ठेवल्या की कुलूप आणि किल्ली दोन्ही हातात. चुकांची वही ही चोरांची वही असते तशीच घरच्यांच्या गुपितांचीही असते. लिनक्समध्ये यासाठी आणखी एक जुनी सोय आहे : अनोळखी नाव नोंदीत लिहायचं की त्याऐवजी नुसतं ‘अननोन’ लिहायचं, हे लॉगिनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं, आणि त्या सेटिंगच्या वर्णनात हाच धोका सांगितलेला आहे. ती सोय सगळ्याच प्रोग्रॅमना लागू पडत नाही, म्हणून फाईलचीच परवानगी आवळायची. (ज्या मॅडमचा तो पासवर्ड होता त्यांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच बदलला आणि वर मलाच लाडू दिला.)

आता थोडं सांगलीच्या बाहेर जाऊ, कारण वही नीट असली म्हणजे सगळं दिसतं असं वाटायला नको.

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणकाचं काम बघायला लागला. यंत्रवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येतोय, तो शोध, असं त्याला सांगण्यात आलं. दोन हिशेब जुळत नव्हते, कारण एका नव्या नावाने यंत्र वापरलं होतं आणि त्या नावाचं बिल कुणाला पाठवायचं तेच ठरलेलं नव्हतं. म्हणजे हेर सापडला तो खतावणीमुळे, चुकांच्या वहीमुळे नव्हे. स्टोलनं पुढे बाहेरून येणाऱ्या तारांना प्रिंटर जोडले आणि घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवली. घुसलेल्याला यंत्रातली फाईल पुसता येते, दुसऱ्या खोलीतला कागद पुसता येत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून येणारा तो माणूस माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होता. स्टोलनं १९८८ च्या लेखात आकडे दिले : सुमारे ४५० यंत्रांवर त्याने प्रयत्न केला, तीसहून अधिक यंत्रांत तो शिरला. चारशेहून अधिक दारांवर तो फसला, आणि त्या दारांमागच्या बहुतेक राखणदारांना ते कळलंच नाही. कळलं असतं तर बर्कलेच्या ७५ सेंटची वाट बघावी लागली नसती.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत ‘मिल्वर्म’ नावाचं एक टोळकं शिरलं. पोरं सगळी मिसरूड फुटायच्या वयाची, वेगवेगळ्या देशांतली, आपसांत ओळख फक्त पडद्यावरची. त्यांनी शास्त्रज्ञांच्या ईमेल उचलल्या, केंद्राच्या वेबपानावर अणुबॉम्बविरोधी मजकूर लावला, आणि बातमी स्वतःच ‘वायर्ड’च्या वार्ताहराला सांगितली. ‘फोर्ब्स’नं त्याच वर्षी छापलेल्या हकिकतीनुसार तिथला एक पासवर्ड पंधरा वर्षांच्या एका मुलानं ‘जॉन द रिपर’ या प्रोग्रॅमनं मिनिटाच्या आत फोडला होता.

हे ‘फोडणं’ दारावर होत नाही, हा यातला कळीचा मुद्दा आहे. जुन्या युनिक्समध्ये सगळ्यांचे पासवर्ड गुंतवून एका फाईलमध्ये ठेवलेले असत, आणि ती फाईल यंत्रावरच्या कुणालाही वाचता येई. मॉरिस आणि थॉम्पसन यांचा विचार असा, की गुंतवणूक पक्की असली तर फाईल दिसली तरी हरकत नाही. १९७९ च्या यंत्रांना ते ठीक होतं. पण ती फाईल एकदा उचलून घरी नेली की जॉन द रिपर तिच्यावर लाखो अंदाज चालवतो, आणि ते सगळे चुकलेले अंदाज त्या पोराच्या खोलीत होतात. तुमच्या दारावर शेवटी एकच थाप पडते, बरोबर किल्लीची. बीटीएमपी जागेवर असो, परवानगी ६६० असो, लास्ट-बी रोज सकाळी वाचा. तिथे काही उमटणार नाही, उमटूच शकत नाही. पुढे गुंतवलेले पासवर्ड ‘शॅडो’ नावाच्या, फक्त रूटला दिसणाऱ्या फाईलमध्ये हलवले गेले ते याचसाठी.

तेव्हा कोऱ्या वहीचे खरं तर तीन अर्थ होतात. कुणी आलंच नाही. वहीच नव्हती, किंवा होती पण लेखनिकाने लिहायला नकार दिला. आणि तिसरा, आलेला माणूस तुमच्या दारावर चुकलाच नाही.

तुमच्याकडे लिनक्सचं यंत्र असेल आणि लास्ट-बी काहीच दाखवत नसेल, तर आधी फाईल आहे का ते बघा. मग मालक आणि परवानगी बघा. मग ऑथ-लॉग किंवा जर्नल उघडा. एसएसएच आपली नाराजी तिथे लिहून ठेवतो. डिस्क भरलेली नाही ना, तेही. आणि सगळं ठीक दिसलं तरी स्वतः एकदा पासवर्ड चुकवून नोंद पडते का ते पाहा. यंत्र माझं आणि आतलं काम माझं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी हे करावं. मोठी झालेली वही पुसू नका, रिकामी करा.

मात्र ही वही फार दिवसांची राहिलेली नाही. यूटीएमपी, डब्ल्यूटीएमपी, बीटीएमपी या तिघींच्या प्रत्येक ओळीत वेळ लिहायला ३२ बिटांची जागा आहे. त्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ती जागा १९ जानेवारी २०३८ ला भरते, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. रकाना मोठा केला तर जुने प्रोग्रॅम जुन्या ओळी वाचू शकणार नाहीत, म्हणून गेल्या काही वर्षांत या फायलीच हळूहळू निवृत्त करायचं चाललंय. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये लास्ट आणि लास्ट-बी या कमांड जुन्या जागी नाहीत. यशस्वी लॉगिनसाठी डब्ल्यूटीएमपीडीबी नावाची नवी व्यवस्था आली आहे. चुकलेल्यांसाठी जर्नल वाचावा लागतो. आमच्या सर्व्हरवर उन्हाळ्यात नवं लिनक्स चढवायचं ठरलंय. तेव्हा जर्नल किती महिने ठेवायचा हा प्रश्न आला आणि सरांनी आकडा मला ठरवायला सांगितला. मी बारा महिने लिहिलं, आणि शेजारी डिस्कच्या खर्चाचा अंदाज जोडून अर्ज आवक नंबर घालून दिला.